जुनी फोर-बाय-फोर घरी उभी करायची, तर कोणती? जीप, लँड रोव्हर, लँड क्रूझर की सुझुकी

जुनी फोर-बाय-फोर बघायला गेलेला माणूस सगळ्यात आधी बॉनेट उघडायला लावतो. सुरू करून दाखवा, धूर कसा येतो बघू, आवाज ऐकू. गाडी उद्यापासून वापरायची असेल तर हे ठीकच आहे. पण ती घरी आणून, खोलून, नव्याने बांधायची असेल तर बॉनेट सगळ्यात शेवटी उघडावं. या अख्ख्या कामात इंजिन हा सर्वांत कमी डोकेदुखीचा भाग आहे. ते उतरतं, मशीन शॉपमध्ये जातं, तिथे बोअर होतं, क्रँक ग्राइंड होतो, आणि मापात बसून परत येतं. पत्रा आणि चेसिस मात्र घरीच राहतात, त्यांचं काम तुमच्याच हातून व्हावं लागतं, आणि अर्धवट सोडलेल्या बहुतेक गाड्या नेमक्या तिथेच अडलेल्या असतात.

म्हणून खाली चार गाड्यांची तुलना केली आहे ती या क्रमाने: काय सडतं, सडलेलं घरच्या हत्यारांनी दुरुस्त होतं का, आणि काढलेला भाग उचलायला किती माणसं लागतात. ताकद, वेग, डोंगर चढण्याची क्षमता हे विषय जवळपास बाजूलाच ठेवले आहेत. नीट बांधलेली असेल तर चौघींपैकी कुठलीही चिखलातून बाहेर येते.

उमेदवार

जीप म्हणजे विलीज या अमेरिकन कंपनीची १९४१ ते १९४५ मधली युद्धकाळातली एमबी आणि तिच्यापासून निघालेलं नागरी सीजे घराणं. यातली उंच बॉनेटची सीजे-३बी १९५३ ते १९६८ पर्यंत मूळ कंपनीकडे बनली. पण परवान्यावर बनवणाऱ्यांनी हाच सांगाडा पुढे कितीतरी वर्षं चालवला: महिंद्राने तर तो चालवलाच, आणि मित्सुबिशीने १९९८ पर्यंत जीप बनवल्या. लँड रोव्हर म्हणजे इथे फक्त पाट्यांवरची (लीफ स्प्रिंगची) सिरीज, १९४८ ते १९८५. लँड क्रूझर म्हणजे ४० मालिका, १९६० ते १९८४. आणि सुझुकी म्हणजे एसजे: १९८१ ची एसजे४१०, १९८४ ची एसजे४१३, आणि तिची लांब बहीण मारुती जिप्सी.

चौघींचं मूळ एकच आहे. खाली वेगळी चेसिस, वर बोल्टने बसवलेली बॉडी, पुढे-मागे सलग ॲक्सल, चारही चाकांवर पाटे, आणि हाताने दांडा ओढून लावायचं फोर-व्हील ड्राइव्ह. घरी काम करायला यापेक्षा सोयीची मांडणी नाही. कॉइल स्प्रिंग आणि संगणकाच्या पेट्या असलेल्या नंतरच्या गाड्या चालवायला आरामशीर असतील, पण पहिल्याच कामासाठी मी त्यांचं नाव घेणार नाही.

पत्रा आणि चेसिस

जीपचा टब, म्हणजे बॉडीचा उघडा हौदा, जवळपास सगळा सपाट पत्र्याचा आणि सरळ दुमडींचा आहे. दोन लोखंडी अँगल, चार क्लॅम्प आणि लाकडी हातोडी एवढ्यावर त्याचे बरेचसे तुकडे घरी वळवता येतात. हा फायदा कागदावर किरकोळ वाटतो, पण तयार पॅनल मिळेना झालं की याचं मोल कळतं. सडण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. मजल्याखाली उलट्या टोपीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या असतात. जुन्या मॉडेलांत त्यांच्या आत लाकूड भरलेलं असे. ते लाकूड पाणी पितं, धरून ठेवतं, आणि पट्टी आतून खात जातं. वरून मजला धडधाकट दिसतो आणि खाली बोल्टला धरायला लोखंडच उरलेलं नसतं. ड्रायव्हरच्या सीटखाली पेट्रोलची टाकी बसते, तिच्या खालचा खळगा ही दुसरी जागा. टब अगदीच गेला असेल तर नवा अख्खा टब विकत मिळतो. मात्र त्याची बोल्टची भोकं तुमच्या चेसिसवर जशीच्या तशी बसतील असं धरून चालू नका. आधी न रंगवता बसवून बघायचा, मग रंगाला हात घालायचा.

जीपच्या चेसिसची दांडी बऱ्याच लांबीत उघड्या सी आकाराची आहे. त्यामुळे गंज दिसतो, तारेचा ब्रश आतपर्यंत पोचतो, आणि लपवाछपवीला जागा कमी राहते. गंजापेक्षा तडे जास्त बघावे लागतात, खास करून स्टिअरिंग बॉक्स जिथे बसतो तिथे आणि पुढच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी. आधीच्या मालकाने तिथे जाड पट्टी वेल्ड करून ठेवली असेल तर पट्टीच्या दोन्ही टोकांना नवा तडा शोधा. बहुधा सापडतो.

लँड रोव्हरबद्दल एक गोड गैरसमज आहे: ॲल्युमिनियमची बॉडी, म्हणजे गंज नाही. युद्धानंतर पोलादाची टंचाई होती म्हणून बर्माब्राइट नावाच्या मिश्रधातूचे पत्रे वापरले गेले, हे खरं. पण ते पत्रे ज्याच्या जिवावर उभे आहेत ते सगळं पोलादच आहे. चेसिस पोलादाची, आणि तीसुद्धा चार बाजूंनी बंद पेटीसारखी, म्हणजे आतून सडणारी. इंजिन आणि केबिनमधली भिंत, म्हणजे बल्कहेड, पोलादी. दारांच्या चौकटी पोलादी. आणि जिथे ॲल्युमिनियम पोलादाला टेकतं आणि मध्ये ओलावा राहतो, तिथे ॲल्युमिनियम खाल्लं जातं. दाराच्या खालच्या कडेला रंग फुगून आतून पांढरी भुकटी गळत असेल तर ती हीच.

चेसिसची मागची आडवी दांडी, बॉडी पेलायला बाजूला निघालेले आउटरिगर आणि पुढच्या पाट्यांची टोकं या जागा सगळ्यात आधी जातात. बल्कहेडमध्ये पाय ठेवायचे खळगे, दाराच्या खांबांचे तळ आणि वर हवेच्या झडपांजवळचे कोपरे. खळग्यांचे तयार तुकडे मिळतात आणि ते लावणं नवशिक्यालाही जमण्यासारखं आहे. खांबांचे तळ मात्र मापाचं काम आहे. तिथे काही मिलिमीटर चुकले की दार आयुष्यभर बसत नाही.

आता हिच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा. सिरीज लँड रोव्हरची नवी, जस्ताचा मुलामा दिलेली चेसिस विकत मिळते. नवं बल्कहेडही मिळतं. म्हणजे ज्याला वेल्डिंग येत नाही आणि शिकायचंही नाही, तो पान्ह्यांच्या जोरावर जुन्या गाडीतले भाग नव्या चेसिसवर नेऊन बसवू शकतो. बाकी तिघींपैकी कुठलीही ही सोय इतक्या सहज देत नाही. फक्त चेसिस नंबर जुन्या चेसिसवर ठोकलेला असतो हे विसरू नका. चेसिस बदलल्यावर गाडीच्या ओळखीचं काय होतं याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. ते जुनी चेसिस कापण्याआधी वाचायचे आणि जुना नंबर असलेला तुकडा भंगारात घालायचा नाही.

लँड क्रूझर ४० ची गोष्ट उलटी आहे. चेसिस आणि यांत्रिक भाग दणकट, बॉडी मात्र सतत भांडणारी. पत्रा जाड आहे, पण दुहेरी थरांत, स्पॉट वेल्डिंगच्या टिकल्यांनी जोडलेला. दोन थरांच्या मध्ये माती साचते आणि गंज आतून बाहेर येतो. मागच्या कोपऱ्यावर नखाएवढा फोड दिसला तर आत तळहाताएवढी जागा गेलेली धरावी. मागचा उंबरा, मागच्या चाकांभोवतीचे पत्रे, काचेच्या चौकटीचा तळ आणि छपराची पन्हळ या ठरलेल्या जागा. यांतली पन्हळ सगळ्यात वाईट: वळणदार, अरुंद, आणि बाहेरच्या थराला हात लावला की आतला थरही उघडा पडतो. हिचे संग्राहक जगभर आहेत, त्यामुळे चांगला मूळ पत्रा मिळाला तरी स्वस्तात मिळत नाही. टोयोटाने २०२१ मध्ये या मालिकेचे काही भाग पुन्हा बनवण्याचं जाहीर केलं, ही चांगली बातमी. पण त्यावर भरवसा ठेवून सडका सांगाडा घेऊ नये.

सुझुकीचा पत्रा पातळ आहे. सारं बरं-वाईट इथूनच सुरू होतं. गाडी हलकी म्हणून सगळं सोपं, आणि पत्रा पातळ म्हणून वेल्डिंग अवघड. सलग वेल्ड ओढायला गेलात की भोक पडतं. एक टाका इथे, दुसरा वितीभर लांब, तिसरा परत मधोमध, आणि मध्ये थांबून पत्रा गार होऊ द्यायचा, अशा चालीनेच जावं लागतं. मजला, दाराखालचा उंबरा, बॉडी चेसिसवर जिथे टेकते त्या जागा आणि काचेखालची पट्टी आधी तपासा. हिची बॉडी ताण घेत नाही, त्यामुळे पत्र्यात भोकं असूनही गाडी धावत राहते. मालकाला कळतच नाही, आणि तो तुम्हाला प्रामाणिकपणे सांगतो की गाडी उत्तम आहे.

बघायला जाताना

अर्धा किलोची गोल डोक्याची हातोडी, टोकदार पेचकस, टॉर्च, खडू आणि मेजर टेप घेऊन जा. चेसिसवर पुढून मागे, दर वितीच्या अंतराने, हलक्या हाताने ठोकत जायचं. लोखंड जाड असेल तिथे टणकन आवाज येतो आणि हातोडी उसळून परत येते. आतून खाल्लेल्या जागी आवाज बसका होतो, हातोडी तिथेच विसावते, आणि कान देऊन ऐकलं तर पेटीच्या आत गंजाचे पापुद्रे घरंगळल्याची खसखस ऐकू येते. त्या जागी खडूची खूण करा. मग पेचकसाचं टोक दाबा. जुन्या चेसिसवर ताजा, जाड, चकचकीत काळा थर मारलेला असेल तर ती सजावट कुणासाठी केली हे ओळखा आणि दुप्पट ठोका.

लांबी (पुटी) भरलेली जागा शोधायला चुंबक कामाला येतो. कागदाआडून तो पत्र्यावर सरकवत न्यायचा, पकड ढिली पडली की खाली लांबी आहे. लँड रोव्हरवर हा उपाय फक्त बल्कहेडसारख्या पोलादी भागांपुरता, बाकी ॲल्युमिनियमच्या पत्र्याला चुंबक चिकटतच नाही. तिथे बोटाच्या पेराने ठोकून आवाज ऐकावा लागतो.

चेसिस वाकडी आहे का हे बघायला मोठं यंत्र लागत नाही. दोन्ही दांड्यांवरची समोरासमोरची चार सारखी भोकं धरा, ओळंब्याने त्यांचे बिंदू जमिनीवर उतरवा, खडूने खुणा करा, गाडी ढकलून बाजूला घ्या आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. काही मिलिमीटरचा फरक जुन्या गाडीत चालतो, बोटभर फरक असेल तर ती गाडी कधीतरी जोरात आदळलेली आहे. विक्रेता हे करू देत नसेल तर दुसरी गाडी बघा.

वजन, जागा आणि पान्हे

घरी काम करताना मदतीला कोण येणार हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि बहुतेक जण तो सगळ्यात शेवटी विचारतात. सुझुकीची बॉडी काच, दारं, सीट काढल्यावर चार-पाच माणसं हातावर उचलून नेतात. एसजे४१३ चं १.३ लिटरचं इंजिन ॲल्युमिनियमचं आहे, दोघांनी धरून बाकावर ठेवता येतं. जीपचा टबही चौघांचं काम, पण इंजिन ओतीव लोखंडाचं, त्याला चेन ब्लॉक हवाच. लँड रोव्हरची बॉडी मुळात तुकड्यातुकड्यांनी सुटते. विंग वेगळे, छप्पर वेगळं, मागचा हौदा वेगळा. त्यामुळे एकटा माणूसही तिचा बराचसा भाग उतरवू शकतो, फक्त बल्कहेडला दुसरा हात लागतो. लँड क्रूझरचं सहा सिलिंडरचं इंजिन अडीचशे किलोंच्या वर जातं, आणि गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) हेही तसेच दणदणीत. तिथे मजबूत क्रेन आणि पक्की फरशी नसेल तर विषय सोडून द्या. मातीच्या जमिनीवर क्रेनची चाकं रुततात आणि लटकतं इंजिन झोके घेतं. त्या वेळी जवळ कुणीही असू नये.

जागा नेहमी गाडीच्या दुप्पट धरा. खोललेली गाडी उभ्या गाडीपेक्षा जास्त पसरते. गाडीखाली शिरायचं असेल तर ती लोखंडी घोड्यांवरच (ॲक्सल स्टँडवर) उभी असली पाहिजे, नुसत्या जॅकवर कधीही नाही. विटांवर तर नाहीच.

पान्ह्यांचा फरक बाहेरून दिसत नाही, पण रोज जाणवतो. टोयोटा आणि सुझुकी मेट्रिक: १०, १२, १४, १७, १९ एवढ्या मापांत बहुतेक गाडी खोलली जाते. जीपला इंची सेट लागतो, ७/१६, १/२, ९/१६, ३/४ असा. सिरीज लँड रोव्हरमध्ये मात्र कारखान्यानेच खिचडी केली आहे. जुन्या ब्रिटिश मापांचे बीएसएफ, वायरिंगपाशी बारीक बीए, आणि पुढे पुढे अमेरिकन यूएनएफ, हे सगळं एकाच गाडीत. त्यात ब्रिटिश पान्ह्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, डोक्याच्या रुंदीचा नाही, त्यामुळे पाव इंचाचा पान्हा बघून माणूस गोंधळतो. जवळपासचा मेट्रिक पान्हा लावून डोकी गोल करण्यापेक्षा योग्य सेट घेतलेला परवडतो. गंजलेल्या बोल्टला आदल्या दिवशी भेदक तेल सोडा, तरी हलला नाही तर नट तापवा. नुसता जोर लावला की तो तुटतो, आणि तुटलेला बोल्ट काढण्यात दिवस जातो.

इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल

जीपचं जुनं २.२ लिटरचं इंजिन साइड-व्हॉल्व्हचं, ६० अश्वशक्तीचं. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, त्यामुळे हेड म्हणजे जवळपास एक झाकण. सीजे-३बी मध्ये इनलेट व्हॉल्व्ह वर गेला आणि म्हणून बॉनेट उंच झालं. शिकायला यापेक्षा सरळ इंजिन मिळणं कठीण. परवान्यावर बनलेल्या जीपमध्ये पुढे निरनिराळी डिझेल इंजिनंही आली, शिवाय मालकांनी आपल्या मनाने बसवलेली वेगळीच. घेताना इंजिनाचा नंबर कागदाशी ताडून बघा. जीपची खरी दुखरी जागा ट्रान्सफर केस आहे. मधल्या शाफ्टच्या टोकाची जागा झिजते आणि मागून तेल गळत राहतं. नुसता नवा सील लावून ते थांबत नाही, शाफ्ट आणि केसचं भोक दोन्ही बघावं लागतं.

लँड रोव्हरचं २२८६ सीसीचं इंजिन सोशीक आहे, भाग भरपूर मिळतात. सिरीज तीनच्या आधी पहिला-दुसरा गिअर सिंक्रो नसलेला, म्हणजे डबल क्लच करायची (गिअर बदलताना क्लच दोनदा दाबायची) सवय लागते. काहींना यात मजा येते, काहींना एका आठवड्यात वीट येतो. पुढच्या चाकांमागचे क्रोमचे गोल गोळे हाताने फिरवून बघा. नख अडकेल असे खड्डे पडले असतील तर सील कितीही बदला, तेल गळणारच. गोळेच बदलावे लागतात.

लँड क्रूझरचं ३.९ लिटरचं आणि १९७५ पासूनचं ४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन फार मुरलेलं आहे. बिघडण्यापेक्षा ते पिण्यासाठी जास्त प्रसिद्ध. लँड क्रूझर आणि सुझुकी या दोघींना पुढच्या ॲक्सलचा एकच आजार आहे: आतला सील गेला की डिफरन्शियलचं तेल गोळ्यातल्या ग्रीसमध्ये मिसळतं आणि चाकाच्या आतल्या बाजूने काळं पातळ सार गळू लागतं. दुरुस्ती घाणेरडी, पण घरी होण्यासारखी. चिंध्या भरपूर ठेवा. सुझुकीत त्याच वेळी किंगपिनची (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिची) बेअरिंग बदलून टाका, कारण ठरावीक वेगाला स्टिअरिंग थरथरायला लागतं त्याचं कारण बरेचदा तिथेच असतं. सुझुकीची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी, मध्ये आखूड शाफ्ट. म्हणजे एक काढायला दुसरं काढावं लागत नाही. गाडीखाली आडवं पडून काम करणाऱ्याला याची किंमत कळते.

ब्रेकचं काम चौघींत साधारण सारखंच. सगळे सिलिंडर, नळ्या, होज नवे घालायचे, त्यात काटकसर करायची नाही. जुन्या ब्रेक-शूमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये ॲसबेस्टॉस असू शकतो, तेव्हा ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून बंद पिशवीत टाका. पेट्रोलची जुनी टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते, तिला वेल्डिंग घरी करू नये.

वायरिंगही चौघींत साधं आहे, नवा हार्नेस (तारांचा जुडगा) बसवणं जुना सांधण्यापेक्षा लवकर होतं. जुन्या जीप ६ व्होल्टच्या, आणि बऱ्याच जुन्या लँड रोव्हर पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेल्या. बॅटरी जोडण्याआधी हे बघा. रंगकाम झाल्यावर सगळे दिवे मंद लागले तर हार्नेसला दोष देऊ नका, अर्थिंगच्या जागी रंग बसलेला असतो. तिथला रंग खरवडला की दिवे येतात.

मग कुणी काय घ्यावं

वेल्डिंग शिकायची हौस आहे, हाताशी थोडी जागा आहे आणि हे पहिलंच काम आहे, तर जीप. पत्रा सपाट, चेसिस उघडी, इंजिन समजण्यासारखं. चुकलेला तुकडा कापून पुन्हा लावता येतो. फक्त पूर्ण झाल्यावर तिच्याकडून महामार्गावरच्या लांब प्रवासाची अपेक्षा ठेवू नका.

वेल्डिंग नको, पण पैसे हळूहळू घालायची तयारी आहे, तर सिरीज लँड रोव्हर. हिच्यात खर्च कष्टाची जागा घेऊ शकतो. वाईट चेसिस आणि चांगलं बल्कहेड असलेली गाडी मिळाली तर ती मी चांगली चेसिस आणि सडक्या बल्कहेडच्या गाडीआधी घेईन.

जागा कमी, मदतीला एखादाच मित्र, आणि झालेली गाडी खरोखर वापरायची आहे, तर सुझुकी. एसजे४१३ घराण्यातली मिळाली तर उत्तम: पाच गिअर, पुढे डिस्क ब्रेक. पातळ पत्र्याचं वेल्डिंग आधी भंगार पत्र्यावर घोटून घ्या.

लँड क्रूझर फक्त बॉडी शाबूत असेल तर. इंजिन बंद, गिअरबॉक्स ओरडणारा, ब्रेक जाम, पण छप्पर आणि मागचे कोपरे निरोगी, अशी मिळाली तर डोळे मिटून घ्यावी. उलटं असेल, म्हणजे इंजिन घड्याळासारखं चालतंय आणि छपराची पन्हळ चाळण झाली आहे, तर ती दुसऱ्या कुणाला घेऊ द्यावी.

पूर्ण खोलायची, की चालती ठेवून?

गाडी ठरल्यावर दुसरा निर्णय हा, आणि माझ्या मते पहिल्याइतकाच मोठा. एक पद्धत अशी की बॉडी उचलून बाजूला, चेसिस नागडी करायची, सगळं स्वच्छ करून खालून वर बांधत यायचं. दुसरी अशी की गाडी चालत्या अवस्थेत ठेवून एकेक भाग घ्यायचा: या वेळी ब्रेक, पुढच्या वेळी पुढचा ॲक्सल, मग मजला.

पूर्ण खोलण्याचं फळ निर्विवाद चांगलं. चेसिसच्या वरच्या बाजूला, जिथे बॉडी टेकते, तिथे पोचायला दुसरा मार्गच नाही. पण खोलायला आठवडा लागतो आणि बांधायला वर्षं. मधल्या काळात घर बदलतं, नोकरी बदलते, उत्साह आटतो. विक्रीला आलेल्या किती जुन्या गाड्या खोक्यांत भरलेल्या असतात ते बघा. कोणता बोल्ट कुठला हे खोलणाऱ्यालाच आठवत नसतं, घेणाऱ्याला कुठून कळणार? खोलायचंच ठरवलं तर प्रत्येक जोडाचे फोटो, प्रत्येक भागाच्या बोल्टची वेगळी पिशवी आणि पिशवीवर न पुसणाऱ्या शाईने नाव, एवढं पथ्य पाळा. टब कापायच्या आधी दाराच्या जागी आणि आडवे-तिडवे लोखंडी अँगल तात्पुरते वेल्ड करा, नाहीतर मजला कापल्यावर टब पसरतो आणि परत चेसिसवर बसत नाही. नवा मजला पूर्ण वेल्ड करण्याआधी टब एकदा चेसिसवर ठेवून बोल्ट हाताने लावून बघा.

चालती ठेवण्याच्या पद्धतीत गाडी कधीच शोरूमसारखी होत नाही. नव्या रंगाच्या शेजारी जुना रंग राहतो, आज बसवलेला भाग पुढच्या वर्षी परत काढावा लागतो. पण ती गाडी राहते. तिच्यात बसून फेरी मारता येते, आणि फेरी मारल्यावर पुढचं काम करायची इच्छा होते. शिवाय दोष एकेक करून सापडतात. सगळं एकदम बदललं आणि गाडी एका बाजूला ओढू लागली, तर कारण शोधायला वीस जागा असतात.

माझा कल असा: सुझुकी आणि जीप, चेसिस ठोकून बघितल्यावर ठीक निघाली तर, चालती ठेवूनच करा. लँड रोव्हरची चेसिस बदलायची असेल तर अर्थातच पूर्ण खोलणं आलं. पण त्याआधी नवी चेसिस, पाट्यांचे बुश, ब्रेकच्या नळ्या आणि नव्या बोल्टचा सेट आणून समोर ठेवा आणि मगच जुन्या गाडीला पान्हा लावा. लँड क्रूझरचं दुहेरी पत्र्याचं काम बॉडी न उचलता अर्धंच होतं, तिथे मधला मार्ग निघत नाही.

रंग कोणत्याही पद्धतीत शेवटी, आणि चेसिसला चकचकीत, दगड लागल्यावर पापुद्र्याने सुटणाऱ्या पावडर कोटिंगपेक्षा इपॉक्सी प्रायमर आणि साधा रंग मला जास्त पटतो. खरवडला तर गाडीखाली पडल्यापडल्या ब्रशने पुन्हा लावता येतो. पेटीसारख्या बंद चेसिसच्या आत मेणाचं गंजरोधक लांब नळीने फवारा, आणि फवारण्याआधी निचऱ्याची भोकं तारेने मोकळी केली आहेत का ते बघा. त्या भोकांवर नव्या रंगाचा पडदा बसलेला असतो आणि पाणी पुन्हा आत साचायला लागतं.